पहिली ट्रायथलॉन आणि सायकल चालवण्यातली मजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग असलेल्या स्पर्धेला, नाव नोंदवलेली मंडळी सायकलबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पोहण्याच्या भीतीबद्दल सगळे बोलतात, पळून गुडघे धरल्याचं सगळे सांगतात. सायकल म्हणजे ‘ती काय, लहानपणापासून येतेच’. मग तयारीच्या दुसऱ्या महिन्यात तीच नकोशी होते, कारण प्रत्येक राइडची परीक्षा होऊन बसते. तसं व्हायची काही गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्या वेगात सायकल चालवताना बरं वाटतं, बहुतेक दिवस तयारीसाठीही तोच वेग योग्य असतो. का, ते प्रश्न ५ मध्ये सांगितलं आहे. बाकीचे प्रश्न लागतील तसे वाचा.

१. ट्रायथलॉनमध्ये सायकल नेमकी किती चालवावी लागते?

स्प्रिंट अंतरात ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी पळणं असतं. ऑलिम्पिक अंतरात हेच आकडे १.५ किमी, ४० किमी आणि १० किमी होतात. सन २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचा पहिल्यांदा समावेश झाला तो याच अंतराने. त्यापुढे हाफ (१.९, ९० आणि २१.१ किमी) आणि फुल (३.८, १८० आणि ४२.२ किमी). पहिल्या वेळी स्प्रिंट घ्या.

आता वेळेचा हिशेब करा. पोहायला २० मिनिटं, ताशी २० किमीने सायकलला एक तास, पळायला ३५ मिनिटं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही सीटवर आहात. तयारीतही साधारण हेच प्रमाण पडतं. जिथे एवढा वेळ जाणार तिथे रमता आलं नाही, तर पुढचे महिने जड जातात.

२. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे. रोड बाइक घ्यावीच लागेल का?

नाही. पहिल्या स्प्रिंटला हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) बहुतेक ठिकाणी चालते. नियमपुस्तिकेत एकदा खात्री करून घ्या. एमटीबीचे खाचांचे जाड टायर काढून गुळगुळीत टायर घातले तरी फरक लगेच जाणवतो. दोन्ही ब्रेक नीट लागले पाहिजेत आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं पाहिजेत. उघड्या टोकाची नळी पडल्यावर शरीरात घुसू शकते, म्हणून तपासणीत त्यावर अडवतात. बॅटरीवर चालणारी सायकल मात्र स्पर्धेत चालत नाही.

नवी घ्यायचीच असेल तर आधी फ्रेमचा साइझ बघा, मग बाकी सगळं. चुकीच्या साइझची भारी सायकल चालवण्यापेक्षा मापात बसणारी जुनी सायकल कितीतरी सुखाची.

३. सीटची उंची कशी ठरवायची?

भिंतीला धरून सायकलवर बसा. एक पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो. तीच तुमची सुरुवातीची उंची. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) तिथे टेपची बारीक पट्टी चिकटवून ठेवा, म्हणजे कुणी सीट हलवली तरी जागा सापडते.

पुढे बदल करायचा तर एका वेळी ५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि त्यानंतर दोन-तीन राइड जाऊ द्या. ढोबळ खूण अशी: गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर वर. बदल करूनही दुखणं दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

४. आठवड्यातून किती राइड पुरेत?

पोहणं आणि पळणं सांभाळून तीन. एक निवांत, ४५ मिनिटं ते एक तास. एक जोराची, जिच्यात अंग गरम झाल्यावर ४ ते ५ मिनिटांचे चार टप्पे जोर लावून आणि मधे तेवढाच आराम. आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, जी आठवड्याला १०-१५ मिनिटांनी वाढवत न्यायची. दर चौथा आठवडा हलका ठेवा. स्प्रिंटसाठी लांब राइड दीड-दोन तासांपर्यंत पोचली की पुरे.

दोनच जमत असतील तर जोराची सोडा, लांब सोडू नका.

५. हळू चालवून वेग कसा वाढेल? मला तर दमलो नाही की व्यायाम झाल्यासारखंच वाटत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. निवांत वेगात तासभर पॅडल मारताना स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधल्या मायटोकाँड्रिया (ऊर्जा तयार करणारे बारीक भाग) वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीर चरबीतून ऊर्जा काढायला सरावतं. या सगळ्याला वेळ लागतो, दमछाक लागत नाही. आणि ट्रायथलॉन, अगदी स्प्रिंटसुद्धा, मुख्यतः याच क्षमतेवर पार पडते.

नवे लोक अडकतात ते मधल्या वेगात. रोज थोडं जास्त, पण पूर्ण जोर कधीच नाही. त्यात थकवा साचत जातो, दुसऱ्या दिवशी पळायला पाय उचलत नाहीत आणि खरोखर जोर लावायच्या दिवशी जोर शिल्लक नसतो. मग माणूस म्हणतो, सायकलिंग आपल्याला जमत नाही. त्याला सायकलिंग जमत असतं. वेग चुकलेला असतो.

निवांत म्हणजे किती, याचं माप सोपं आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्याने एखादी कविता म्हणून बघा. ओळीच्या मधेच श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. आठवड्यातला बराचसा वेळ या वेगात जाऊ द्या. पाच-सहा आठवड्यांनी तेवढ्याच श्वासात तोच रस्ता लवकर संपतो. घड्याळात तो फरक दोन-तीन मिनिटांचाच दिसेल, पण मला अजूनही त्याचा आनंद होतो.

६. चढ आला की सगळी मजा जाते. काय करू?

गिअर आधी बदला. चढ सुरू झाल्यावर, पॅडलवर पूर्ण वजन पडलेलं असताना गिअर टाकला की चेन कडकडते, कधी निसटतेही. पायथ्याशीच, पाय मोकळे फिरत असताना, हलक्या गिअरवर या.

दुसरी गोष्ट केडन्सची, म्हणजे मिनिटाला पॅडल किती फेरे घेतं त्याची. नवखे लोक जड गिअरवर मिनिटाला ६० फेरे रेटत राहतात आणि मांड्या पेटतात. सपाटीवर ८० ते ९० च्या आसपास राहायचा प्रयत्न करा; चढावर ७० पर्यंत उतरलं तरी हरकत नाही. हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूत मनातून काढून टाका. पळण्यासाठी पाय वाचवायचेत, हे तिन्ही प्रकारांत कायम लक्षात ठेवायचं.

पुढची मोठी चकती आणि मागचीही सगळ्यात मोठी, किंवा दोन्ही सगळ्यात लहान, अशी जोडी टाळा. चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते.

७. समोरून वारा असला की वेग पडतो आणि चिडचिड होते. इलाज आहे?

वेगाकडे बघणं सोडा, श्वासाकडे बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या. म्हणजे हवेपुरतं बोलायचं तर वेग दुप्पट करायला आठपट ताकद. अशा वाऱ्यात नेहमीचा वेग टिकवायला गेलात तर अर्ध्या तासात रिकामे व्हाल. कोपर वाकवा, खांदे खाली घ्या, एक गिअर हलका करा. मोकळ्या वाऱ्यात सगळ्यात मोठा अडथळा आपलं धडच असतं, त्यामुळे थोडं वाकल्यानेही बराच फरक पडतो.

शक्य असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. परतीला कानातली घोंघों थांबते आणि आपल्याच टायरचा आवाज ऐकू यायला लागतो. त्या वीस मिनिटांसाठी मी वाऱ्याचे दिवस आवर्जून निवडतो.

८. अर्ध्या तासात बूड दुखायला लागतं, हातही बधिर होतात. सवय होईल का?

बुडाची थोडी सवय होते, साधारण दोन-तीन आठवड्यांत. पण सगळं सवयीवर सोडू नका. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घाला आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका. शिवणच कातडी घासते. सीट जितकी मऊ तितकी बरी, हाही गैरसमज आहे. बसायच्या दोन हाडांना आधार मिळेल एवढी रुंदी महत्त्वाची, आणि ती माणसागणिक बदलते. स्त्रियांना बहुधा जरा रुंद सीट लागते. गुप्तांगाच्या भागात बधिरपणा येत असेल तर तो अंगावर काढू नका. सीटचं नाक वर उचललेलं नाही ना बघा, दर दहा मिनिटांनी क्षणभर उभे राहा, तरी थांबलं नाही तर सीट बदला.

हात बधिर होतात कारण तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने जाणारी नस दाबली जाते. पकड बदलत राहा, कोपर ताठ ठेवू नका. सगळं वजन हातांवर येत असेल तर हँडल फार लांब किंवा फार खाली असू शकतं. सीटच्या उंचीसाठी प्रश्न ३ पाहा.

९. पंक्चरच्या भीतीने मी लांब जातच नाही. एकटीने कसं निभवायचं?

घरी, शांतपणे, तीनदा सराव करून. स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप एवढंच सामान लागतं. ते सीटखालच्या पिशवीत मावतं.

टायरची एक कड लिव्हरने रिमबाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या. आता सगळे विसरतात ती पायरी: टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश, पूर्ण गोल. काटा बाहेरून दिसत नाही. आतून नखाएवढंही नाही, नुसतं एक टोक बोटाला खुपतं. माझ्या एका लांब राइडला मी ती पायरी गाळली आणि नवी ट्यूब पाचशे मीटरवर पुन्हा बसली. काटा जागचा हललाच नव्हता. तो काढल्यावर नव्या ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरा, म्हणजे ती पिळत नाही, आणि टायर अंगठ्यांनी चढवत व्हॉल्वपाशी संपवा. शेवटची वीत घट्ट जाते. तिथे लिव्हर वापरलात तर ट्यूब चिमटण्याचा धोका असतो.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरने भरलं तर घरी आल्यावर ती हवा सोडून पंपाने भरा; तो वायू ट्यूबच्या रबरातून लवकर निसटतो आणि दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो.

एकदा रस्त्याच्या कडेला स्वतः चाक बसवलंत की तुमचा नकाशाच मोठा होतो. पंक्चर काढायला शिका, असं मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो ते यासाठी.

१०. गटासोबत चालवू की एकटं?

दोन्ही. गटात गप्पा होतात, रस्ते कळतात, वेळ कसा गेला ते कळत नाही. पण गटात पुढच्याच्या मागे राहिल्याने वारा अडतो आणि मेहनत बरीच कमी लागते. हौशी खेळाडूंच्या बहुतेक ट्रायथलॉनमध्ये असं मागे चिकटून चालवणं, म्हणजे ड्राफ्टिंग, नियमाविरुद्ध असतं. अंतर साधारण १० ते १२ मीटर ठेवावं लागतं. नेमका आकडा तुमच्या स्पर्धेच्या नियमांत बघा. म्हणून लांब राइडपैकी निम्म्या तरी एकट्याने करा. गटात सुरुवातीला मागे राहा, अचानक ब्रेक मारू नका, खड्डा दिसला तर हाताने दाखवा आणि आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूने आत घालू नका.

११. राइडवर काय खायचं, किती प्यायचं?

एक तासापर्यंत पाणी पुरतं. त्याहून लांब असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. भूक लागायची वाट बघू नका. अंगातली साखर संपल्यावर खाल्लं तर पाय परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात राइडचा रस गेलेला असतो. पाणी घोट-घोट, तहानेनुसार. उकाड्यात घाम जास्त जात असेल तर पाण्यात मीठ-साखर घ्या. नुसतं पाणी भरमसाट पिणंही धोक्याचं असतं, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं.

स्पर्धेच्या दिवशी नवं काही खाऊ नका.

१२. क्लिपवाले (पॅडलला अडकणारे) बूट घ्यावेत का?

पहिल्या स्प्रिंटला गरज नाही. साध्या पॅडलवर पळायचे बूट घालूनच सायकल चालवलीत तर दुसऱ्या ट्रांझिशनमध्ये, म्हणजे सायकल ठेवून पळायला निघताना, बूट बदलायचा वेळही वाचतो. घ्यायचेच असतील तर स्पर्धेच्या दोन महिने आधी घ्या, बूट धरून ठेवणारी पॅडलची स्प्रिंग सैल ठेवा आणि गवतावर सराव करा. थांबायच्या दहा मीटर आधी पाय सोडवायची सवय लागली की झालं.

१३. सायकलवरून उतरून पळायला लागलो की पाय लाकडासारखे होतात. हे नॉर्मल आहे?

अगदी नॉर्मल. तासभर पाय गोल फिरत होते, गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, अंगाचा भार सीटवर होता. एकदम भार पायांवर येतो आणि हालचालीची लय बदलते. यासाठी ब्रिक सराव असतो: निवांत राइड संपली की सायकल टेकवून लगेच १० मिनिटं पळायचं. आठवड्यातून एकदा पुरे. तीन-चार वेळा केलं की पाय दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच सुटतात. राइडची शेवटची तीन-चार मिनिटं हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा आणि पळताना पहिली पावलं मुद्दाम छोटी टाका.

१४. स्मार्ट घड्याळ, पॉवर मीटर (पॅडलवर लावलेली ताकद मोजणारं यंत्र), ॲप यांशिवाय तयारी होते का?

होते. प्रश्न ५ मधलं बोलण्याचं माप आणि एक साधं घड्याळ एवढ्यावर पहिली ट्रायथलॉन पार पडते. आकडे आवडत असतील तर जरूर वापरा, मीही वापरतो. पण आठवड्यातली एक राइड यंत्राशिवाय करा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डांबर बदललं की टायरखालची घरघर बदलते. तेल घातलेली चेन आणि कोरडी चेन वेगळी बोलते. उतारावर पाय थांबवले की मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते. पडद्याकडे बघत असताना यातलं काही ऐकू येत नाही. सायकल बिघडायच्या आधी बहुतेक वेळा आवाजातूनच सांगते, त्यामुळे हे कान तयार होणं कामालाही येतं.

१५. पावसात जायचं की घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवायचं?

हलक्या पावसात, दिवा लावून, गर्दी टाळून जाता येतं. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि ओली पानं यांवर वळू नका, ब्रेक लावू नका. टायरमधली हवा जराशी कमी ठेवा, ब्रेक नेहमीपेक्षा लवकर धरा. मुसळधार पाऊस, विजा किंवा अंधूक उजेड असेल तर सरळ ट्रेनर. घरात वारा नसल्याने अंग लवकर तापतं, म्हणून पंखा समोर हवाच. ट्रेनरवर ४० मिनिटं पुष्कळ झाली. प्रश्न ४ मधली जोराची राइड तिथे फार छान होते.

१६. स्पर्धेत नवख्यांकडून सायकलबाबत कोणती चूक सगळ्यात जास्त होते?

हेल्मेटची. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा आणि सायकल परत स्टँडला लावेपर्यंत तो सोडायचा नाही. घाईत उलटं होतं आणि दंड बसतो. सायकलवर बसायचं ते माउंट लाइन ओलांडल्यावर, उतरायचं ते डिसमाउंट लाइनच्या आधी. इअरफोन चालत नाहीत. हा सगळा क्रम घराच्या अंगणात किंवा गच्चीवर पाच-सहा वेळा करून बघा, हातांना पाठ होतो.

१७. स्पर्धेतच पंक्चर झालं तर? बाहेरचं कुणी मदत करू शकतं का?

सर्वसाधारणपणे नाही. नातेवाईक किंवा मित्राने पंप आणून दिला तरी नियमभंग ठरू शकतो. आयोजकांची अधिकृत मदत असेल तर ती घेता येते. म्हणून प्रश्न ९ मधलं सामान सोबत ठेवा. ट्यूब बदलणं अशक्यच झालं तर सायकल हाताने ढकलत चालत जायला सहसा मुभा असते, पण सायकल सोडून पुढे जाता येत नाही. तशा वेळी कट-ऑफची, म्हणजे तो टप्पा संपवायची शेवटची, वेळ लक्षात ठेवा.

१८. मला आता सायकलच इतकी आवडते की पोहायला आणि पळायला जावंसंच वाटत नाही. काय करू?

असं पत्र आलं की मला फार बरं वाटतं. पोहायला सायकलने जा. लांब राइडच्या शेवटी ब्रिक जोडा (प्रश्न १३), म्हणजे पळण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही. पोहणं मात्र टाळू नका. स्पर्धेत ते पहिलं असतं, आणि पाण्यातून दमून बाहेर आलात तर पुढचे २० किमी सावरण्यातच जातात. आठवड्याला दोनदा अर्धा-अर्धा तास पाण्यात घालवा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात लांब राइडचा मोह आवरा. २०-३० मिनिटं हलकं फिरून या, ब्रेक आणि हवा तपासा, चेन पुसून तेल घाला.